जन्मदाखला आणि चूक : परदेशी इंग्रजी शिकवायला गेलेल्यांच्या पुस्तकांविषयी

१

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा मी एक्कावन्न वर्षांचा होतो. इंग्रजी साहित्यात एम.ए. करून बँकेत शिरलो होतो, आणि कर्जाच्या फायलींत पंचवीस वर्षे गेली तरी शिकवायचे राहून गेले ही रुखरुख काही गेली नव्हती. परदेशी इंग्रजी शिकवायला जे प्रमाणपत्र लागते ते मी रीतसर अभ्यास करून मिळवले आणि थायलंडमधल्या शाळांकडे अर्ज धाडू लागलो. उत्तरे नम्र होती. आमच्या पालकांना ‘नेटिव्ह स्पीकर’ हवा असतो, एवढाच त्यांचा मथितार्थ. शेवटी नोकऱ्या लावून देणाऱ्या एका मध्यस्थाने फोनवर आपुलकीने सल्ला दिला, “सर, शाळेचं शिक्षण इंग्लंडमध्ये झालं असं घाला अर्जात. कोण बघतंय?”

मी नगरचा. गावाचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण माझ्या तोंडी अजून जुनेच येते. तो सल्ला ऐकताना मला आमच्याच गावात जन्मलेल्या एका बाईची आठवण झाली. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी तिने आपल्या जन्माबद्दल नेमके असेच काही सांगितले होते, आणि त्याच देशात जाऊन इंग्रजी शिकवले होते. तिचे नाव अ‍ॅना लिओनोवेन्स. ‘द किंग अँड आय’ हे संगीतक आणि त्यावरचा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना ती घेरदार झग्यात राजाबरोबर नाचणारी गोरी मास्तरीण म्हणून ठाऊक असते. मला मात्र त्या फोननंतर तिचे मूळ पुस्तक पुन्हा वाचावेसे वाटले. मग त्याच वाटेने गेलेल्या इतरांची पुस्तके काढली, आणि वाचता वाचता एक प्रश्न मनात घर करून बसला.

धंदा सोडून, देश सोडून इंग्रजी शिकवायला गेलेल्या माणसाचे लेखन आपण प्रवासवर्णनात किंवा आठवणींत जमा करतो. मला वाटते, या लेखनाची जात वेगळी आहे आणि त्याची कसोटीही वेगळी हवी. अशा शिक्षकाजवळ विकायला मुळात भाषा नसते, जन्म असतो. अमुक गावी, अमुक आईबापांच्या पोटी जन्मलो एवढ्या भांडवलावर त्याला वर्गात उभे केले जाते. त्यामुळे त्याच्या पुस्तकात दोन गोष्टी पाहाव्या लागतात. हा जन्मदाखला त्याने कसा वापरला, ही पहिली. आणि चुकीच्या, मोडक्या भाषेकडे तो कसा पाहतो, ही दुसरी. चूक विद्यार्थ्याची असेल तेव्हा, आणि चूक स्वतःची असेल तेव्हाही. या दोन गोष्टींचा परस्परांशी घट्ट संबंध आहे, असे मला तीन लेखकांच्या आधारे दाखवायचे आहे.

२

अ‍ॅनाचे ‘द इंग्लिश गव्हर्नेस अ‍ॅट द सयामीज कोर्ट’ १८७० साली प्रसिद्ध झाले. सयामचा राजा मोंगकुट याने १८६२ मध्ये तिला बँकॉकला बोलावले, ते आपल्या राण्यांना आणि मुलांना इंग्रजी शिकवण्यासाठी. १८६७ पर्यंत ती तिथे होती. राजाचे निमंत्रणाचे पत्र तिने पुस्तकाच्या आरंभीच छापले आहे. इंग्रजी भाषा, शास्त्रे आणि साहित्य शिकवावे, धर्मांतराच्या खटपटीत पडू नये, असा त्या पत्राचा स्पष्ट रोख आहे. त्यामागे अनुभव होता. आधीच्या दशकात अमेरिकन मिशनऱ्यांच्या बायका राजवाड्यात शिकवीत होत्या आणि धड्यांबरोबर धर्मही येऊ लागल्याने ते वर्ग बंद पडले होते. मिशनशी संबंध नसलेली, सिंगापुरात गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालवणारी एक विधवा राजाला सोयीची वाटली.

या विधवेने स्वतःविषयी जगाला सांगितलेली हकीकत अशी : जन्म वेल्समध्ये, १८३४ सालचा, वडील सैन्यात कॅप्टन, पतीही सैन्यातला अधिकारी, वाघाच्या शिकारीत ऊन लागून वारलेला. खरी हकीकत उजेडात आणली ती डब्ल्यू. एस. ब्रिस्टो या गृहस्थाने, १९७६ सालच्या आपल्या पुस्तकात. हा गृहस्थ मूळचा कोळ्यांचा शास्त्रीय अभ्यासक. अ‍ॅनाच्या मुलाच्या चरित्राच्या नादी लागला आणि मुलाचा माग काढता काढता आईपाशी पोचला. अ‍ॅनाचा जन्म १८३१ चा, अहमदनगरचा. वडील कंपनी सरकारच्या सैन्यातले साधे सार्जंट, मूळ धंद्याने सुतार, आणि तिच्या जन्माआधीच वारलेले. आईची आई बहुधा भारतीय किंवा मिश्र वंशाची. आईने दुसरे लग्न केले तेही सैन्यातल्याच एका आयरिश माणसाशी. मुलगी लष्करी छावण्यांत वाढली. १८४९ च्या नाताळात पुण्यात तिचे लग्न झाले ते थॉमस लिओन ओवेन्स नावाच्या कारकुनाशी. नवऱ्याची दोन नावे जोडून तिने पुढे ‘लिओनोवेन्स’ हे आडनाव घडवले. १८५९ मध्ये तो पेनांगला वारला. वाघबिघ काही नव्हता.

या लबाडीबद्दल तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची मला हौस नाही. दोन मुले पदरी असलेल्या, छावणीत वाढलेल्या मिश्र वंशाच्या विधवेला त्या काळी त्या टापूत शिक्षिकेची प्रतिष्ठा मिळवण्याचा दुसरा मार्ग नव्हता. सुसान मॉर्गन यांनी ‘बॉम्बे अ‍ॅना’ (२००८) या चरित्रात तिच्याकडे सहानुभूतीने पाहिले आहे, ते मला पटते. माझा प्रश्न समीक्षेचा आहे. या खोट्या दाखल्याने तिच्या लेखनाचे काय केले?

पुस्तकाच्या नावात शाळा आहे, पण शाळेवर एखाददुसरेच प्रकरण आहे. पहिल्या दिवशी राजाची मुले समोर बसतात, इंग्रजी मुळाक्षरांची बाराखडी घोकली जाते, आणि पुढे वर्ग पडद्याआड जातो. जागा व्यापते ती अंतःपुराची गुलामी, राजाचा लहरीपणा आणि लेखिकेचे धैर्य. विद्यार्थी कसा शिकला, कुठे अडखळला, कोणता इंग्रजी शब्द त्याच्या तोंडी वेगळाच होऊन बसला, हे जवळजवळ नाहीच. एकाच शिकणाऱ्याचा आवाज पुस्तकात ठळक येतो, तो खुद्द राजाचा. त्याची पत्रे ती त्याच्या वेड्यावाकड्या इंग्रजीसकट देते, आणि त्यामागे वाचकाला हसवण्याचा हेतू आहे हे लपत नाही. पुढे संगीतकाने त्या हशाचेच भांडवल केले.

आता हा राजा कोण होता? गादीवर येण्यापूर्वी सत्तावीस वर्षे तो बौद्ध भिक्षू होता. पालीचा पंडित. लॅटिन तो एका कॅथलिक बिशपकडून शिकला, इंग्रजी अमेरिकन मिशनऱ्यांकडून, तेही प्रौढ वयात. १८६८ च्या ऑगस्टमधल्या खग्रास सूर्यग्रहणाचे गणित त्याने स्वतः मांडले, ते पाहायला दक्षिणेकडे गेला, तिथल्या तापाने आजारी पडला आणि वारला. अशा माणसाचे इंग्रजी वाकडे का होते? ते त्याची तिसरी-चौथी भाषा होते आणि तरीही तो ते बेधडक लिहीत होता, म्हणून. एका प्रौढ विद्यार्थ्याचे हे धाडस शिक्षिकेच्या नजरेतून निसटते. ते निसटणे योगायोगाने घडले असे मला वाटत नाही. शुद्ध इंग्रजी हाच जिचा परवाना, आणि तो परवानाच खोटा, तिला दुसऱ्याच्या चुकीशी सलगी कशी परवडेल? चूक करणाऱ्यापासून जितके दूर उभे राहता येईल तितके राहणे तिला भाग होते.

पुस्तकातला सर्वांत हृद्य भाग फा-यिंग या छोट्या राजकन्येचा. राजाची ही लाडकी लेक १८६३ मध्ये पटकीने गेली. अ‍ॅनाने तिच्यावर माया केली होती यात शंका नाही, आणि ती पाने वाचताना डोळे ओले होतात. पण त्या प्रसंगाचा शेवट पाहा. मुलीवरच्या प्रेमाची कदर म्हणून राजा शिक्षिकेला किताब आणि जमीन बहाल करतो. मुलीच्या मृत्यूवरून कथन शिक्षिकेच्या मानमरातबावर येऊन थांबते.

नगरच्या वाचकाला आणखी एक गोष्ट टोचते. १८८४ मध्ये अ‍ॅनाने भारतावरही एक पुस्तक लिहिले, ‘लाइफ अँड ट्रॅव्हल इन इंडिया’. आगगाडीपूर्वीच्या काळातल्या प्रवासाच्या या आठवणी. ज्या मुलखात ती जन्मली, वाढली, लग्न करून उभी राहिली, तो मुलूख या पुस्तकात ती परक्या इंग्रज बाईच्या डोळ्यांनी पाहते. छावणीत वाढलेल्या मुलीच्या कानावर किती भाषा पडल्या असतील! आयांची, शिपायांच्या बायकांची, बाजारातली बोली तिच्या कानी असणारच. आपल्या आजीविषयी तिला काय ठाऊक होते? यातले काही लिहिता आले असते तर एकोणिसाव्या शतकातल्या नगर-पुण्याच्या छावणीजीवनाचा, आतून लिहिलेला एक दुर्मीळ दस्तऐवज आपल्या हाती आला असता. तो आला नाही, कारण सयाममध्ये दाखवलेला दाखला तिला जन्मभर सांभाळायचा होता. १९१५ मध्ये कॅनडात ती वारली तेव्हाही तो शाबूत होता. खोटेपणाने तिला नोकरी दिली, आणि तिच्याजवळचे सर्वांत अस्सल साहित्य काढून घेतले.

३

अ‍ॅनानंतर अठ्ठावीस वर्षांनी, १८९० मध्ये, लाफ्काडिओ हर्न योकोहामाच्या बंदरात उतरला. धंदा बदलणारा शिक्षक म्हणून त्याच्याइतके चोख उदाहरण सापडणे अवघड. वय चाळीस. आयुष्य अमेरिकेत वार्ताहर म्हणून गेलेले, आधी सिनसिनाटी, मग न्यू ऑर्लिन्स. जपानला आला तोही एका अमेरिकन मासिकासाठी लिहायला. पण येताच प्रकाशकाशी बिनसले आणि पोटासाठी दुसरे काही शोधणे आले. बॅसिल हॉल चेंबरलेन या तोक्योतल्या विद्वानाच्या मदतीने त्याला मात्सुए या आडगावच्या माध्यमिक शाळेत इंग्रजी शिक्षकाची जागा मिळाली. पगार महिना शंभर येन.

हर्नचा दाखलाही काही निर्भेळ नव्हता. जन्म लेफ्काडा या ग्रीक बेटावरचा, आई ग्रीक, वडील ब्रिटिश सैन्यातले आयरिश डॉक्टर, बालपण डब्लिनमध्ये नातलगाकडे. सोळाव्या वर्षी शाळेतल्या अपघातात एक डोळा गेला. सिनसिनाटीत गुलामीत जन्मलेल्या एका स्त्रीशी लग्न केले म्हणून नोकरी गेली, कारण तसे लग्न त्या राज्यात बेकायदा होते. म्हणजे कुळाच्या शुद्धतेचे जगात काय चालते ते त्याने अंगावर सोसलेले होते. फरक एवढाच की त्याने ते लपवले नाही.

‘ग्लिम्प्सेस ऑफ अनफॅमिलिअर जपान’ (१८९४) या त्याच्या दोन खंडी ग्रंथात इंग्रजी शिक्षकाच्या रोजनिशीतले एक प्रदीर्घ प्रकरण आहे. अ‍ॅनाच्या पुस्तकात जे नाही ते सगळे इथे आहे. मुले येतात, बसतात, प्रश्न विचारतात. त्यांचे इंग्रजी निबंध तो उतरवून देतो, आणि ते वाचताना हसू येत नाही. मुलाचा विचार इंग्रजीच्या अंगरख्यात मावत नाही म्हणून शिवण कुठे उसवते, ते दिसते. एक विद्यार्थी येऊन त्याला सांगतो की तुम्ही आमच्या आधीच्या इंग्रजी शिक्षकासारखे नाही. बादशहाच्या तसबिरीला आम्ही वाकतो म्हणून तो आम्हांला रानटी म्हणायचा. हर्न त्या मुलाला मान देऊन उत्तर देतो. संवाद घडतो तो पाहुणा आणि यजमान यांच्यातला.

मृत्यू इथेही आहे. योकोगी नावाचा एक हुशार विद्यार्थी दुखण्याने खंगतो. शेवटी त्याला शाळा एकदा पाहायची असते. घरचा म्हातारा गडी थंडीच्या रात्री त्याला पाठीवर घेऊन शाळेपर्यंत नेतो. मुलगा अंधारात आपली शाळा पाहतो आणि परत येतो. या प्रसंगात शिक्षक कुठेच नाही. त्याला किताब मिळत नाही, कोणी त्याचे आभार मानत नाही. तो फक्त सांगतो. अ‍ॅनाची फा-यिंग आणि हर्नचा योकोगी शेजारी ठेवले की शिक्षकाच्या गद्यातला ‘मी’ किती जागा घेतो, ते मोजता येते.

तरीही या रोजनिशीवर माझा आक्षेप आहेच. मात्सुएच्या प्रत्येक मुलात हर्नला जुन्या जपानचा आत्मा दिसतो. खोडकर, आळशी, शिक्षकाला पिडणारे पोर त्याच्या वर्गात जवळजवळ नाही. माया करणारा परका आणि तुच्छ लेखणारा परका, दोघेही समोरच्या मुलाला ‘मुलगा’ होऊ देत नाहीत. एकाला तो रानटी हवा असतो, दुसऱ्याला देवदूत. हर्नच्या बाजूने एवढे म्हणता येईल की १८९१ च्या अखेरीस तो कुमामोतोच्या मोठ्या शाळेत गेला, आणि तिथल्या अबोल, थोराड विद्यार्थ्यांवर लिहिताना आपल्यात आणि त्यांच्यात पडलेले अंतर त्याने झाकले नाही.

४

पण हर्नचे खरे शिक्षण शाळेत झाले नाही, घरात झाले. मात्सुएत त्याने कोइझुमी सेत्सू हिच्याशी संसार मांडला. ती हलाखीत आलेल्या सामुराई घराण्यातली. तिला इंग्रजी येत नव्हते, आणि त्याला जपानी कधीच नीट वाचता आले नाही. मग दोघांनी एक भाषा तयार केली. क्रियापदांना रूपे नाहीत, प्रत्यय गळालेले, शब्दांचा क्रम इंग्रजी वळणाचा, शब्द मात्र जपानी. घरात तिला ‘हर्नसाहेबांची बोली’ म्हणत. सेत्सूनेही इंग्रजी शब्द जपानी लिपीत टिपण्याची एक वही ठेवली होती. ती आजही जपून ठेवलेली आहे.

या मोडक्या बोलीत सेत्सू त्याला जुन्या भुताखेतांच्या गोष्टी सांगायची. हर्न गेल्यावर तिने आठवणी सांगितल्या, त्यांत हे सारे येते. रात्री दिवा मंद केलेला असे. पुस्तकात पाहून वाचू नकोस, तुझ्या शब्दांत, तुझ्या मनातले सांग, असा त्याचा हट्ट असे. एखादे वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणायला लावी, ते म्हणताना आवाज कसा झाला असेल विचारी. जो दिवसा मुलांच्या वाक्यांतल्या चुका सुधारत होता, तो रात्री स्वतः चुकीच्या भाषेत शिकत होता. ‘क्वाइदान’ (१९०४) हे त्याचे सर्वांत टिकाऊ पुस्तक या शाळेतून आले. त्यातले इंग्रजी साधे, सावकाश, जवळजवळ उघडेबोडके आहे. न्यू ऑर्लिन्सच्या दिवसांतला त्याचा अलंकारिक फुलोरा तिथे गळून पडला आहे. तोडक्या बोलीतून ऐकलेली गोष्ट सांगताना त्याच्या इंग्रजीलाही तो तोडकेपणा मानवला, असा माझा तर्क आहे.

इथे एक हिशोब चुकता करायला हवा. ‘क्वाइदान’च्या प्रस्तावनेत हर्न जुन्या जपानी ग्रंथांचे ऋण मान्य करतो, एक गोष्ट सांगणाऱ्या शेतकऱ्याचाही उल्लेख करतो. सेत्सूचे नाव तिथे नाही. अ‍ॅनाने आपली आजी लपवली, हर्नने आपली शिक्षिका. लपवण्याची कारणे वेगळी असतील, पण ज्याच्याकडून भाषा मिळाली त्याला पुस्तकाच्या दारात उभे न करण्याची खोड या जातीच्या लेखनात खोल आहे.

१८९६ मध्ये हर्न जपानचा नागरिक झाला आणि बायकोच्या घराण्याचे नाव घेऊन कोइझुमी याकुमो बनला. त्याच वर्षी तोक्योच्या शाही विद्यापीठात इंग्रजी साहित्याचा अध्यापक म्हणून रुजू झाला. जो जन्मदाखला अ‍ॅनाने जिवापाड सांभाळला, तो याने आपल्या हाताने परत केला. १९०३ मध्ये विद्यापीठाने त्याला सोडले. सरकारला आता परदेशी माणसांच्या जागी स्वतःचे, परदेशी शिकून आलेले विद्वान नेमायचे होते. धोरण म्हणून ते रास्तच होते. पण या माणसाची अवस्था विचित्र झाली : कागदोपत्री जपानी, नेमणूक परकेपणाच्या मोलावर झालेली. पुढच्या वर्षी तो वारला.

५

हर्नच्या जागी ज्यांना नेमले त्यांतला एक लंडनहून परतलेला छत्तीस वर्षांचा अध्यापक होता. नात्सुमे सोसेकी. तो परदेशी शिकवायला गेला नव्हता, परदेशी शिकून आला होता. तरीही या लेखात त्याला वगळून चालणार नाही, कारण ‘नेटिव्ह’ शिक्षकाच्या खुर्चीवर दुसऱ्या कोणी बसणे म्हणजे काय, हे त्याने सोसले आणि लिहिले. मुलांना हर्न हवा होता. हर्न सावकाश, मुलांना शब्द न् शब्द उतरवता यावा अशा लयीत व्याख्याने द्यायचा. ती टिपणे पुढे ग्रंथरूपानेही निघाली. सोसेकी आला तो व्याकरण, उच्चार आणि साहित्याची कोरडी मीमांसा घेऊन. मुले नाराज झाली. इंग्रजी साहित्य शिकवायला इंग्रज रक्त लागते, ही समजूत जपानी विद्यार्थ्यांच्याही मनात पुरती मुरलेली होती.

सोसेकीने याचे उत्तर दोन प्रकारे दिले. एक १९१४ च्या व्याख्यानात, ‘माझा व्यक्तिवाद’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या. पाश्चात्त्य समीक्षक एखाद्या इंग्रजी कवितेला चांगली म्हणतो म्हणून आपणही ती चांगली म्हणायची, हे उसने मत अंगावर घालून मिरवणे आहे. लंडनच्या एकांतात हे ध्यानी आले आणि स्वतःच्या पायांवर उभे राहून वाचायचे ठरवले, असे तो सांगतो. दुसरे उत्तर कादंबरीतून. ‘सान्शिरो’ (१९०८) मध्ये प्राध्यापक हिरोता नावाचा, उच्च माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवणारा, अफाट वाचलेला आणि काहीही न लिहिणारा एक गृहस्थ आहे. योजिरो हा त्याचा उचापती शिष्य मोहीम उघडतो की विद्यापीठात परदेशी साहित्य शिकवायला जपानी माणूस हवा, आणि तो म्हणजे आमचे हिरोता सर. लेख लिहितो, मेजवान्या घडवतो. मोहीम फसते, सरांचीच नाचक्की होते. याच कादंबरीत कोइझुमी याकुमोंचा उल्लेख ओझरता येऊन जातो, अध्यापकांच्या खोलीत न रमणारा एकटा माणूस म्हणून.

सोसेकीचे मोठेपण मला इथे जाणवते. ज्याच्या सावलीने आपल्याला छळले त्याच्यावर तो राग काढत नाही. त्याचे एकटेपण ओळखतो. आणि ‘आपला माणूस हवा’ या घोषणेचीही टर उडवतो. दाखला बदलला, म्हणजे इंग्रज रक्ताऐवजी जपानी रक्त मागितले, तरी तो दाखलाच राहतो. हिरोता सरांची लायकी त्यांच्या वाचनात आहे, आणि तिला कुठल्याच अर्जात रकाना नाही. सोसेकीने १९०७ मध्येच अध्यापकी सोडली आणि वर्तमानपत्राच्या नोकरीत शिरून तो पूर्णवेळ कादंबरीकार झाला. हर्न पत्रकारितेतून शिक्षणाकडे आला, सोसेकी शिक्षणातून पत्राकडे गेला. दोघांनाही वर्गात मिळाले नाही ते वर्गाबाहेर मिळाले.

६

तिघांना एकत्र पाहिले तर सूत्र असे दिसते. दाखला जितका घट्ट धरावा, तितके चुकीशी वैर वाढते. आणि जिथे चुकीशी वैर, तिथे शिकणाऱ्याचा आवाज लेखनात येत नाही. अ‍ॅनाजवळ भाषांची श्रीमंती होती, पण तिला एकाच भाषेचे कुंकू लावून बसावे लागले. हर्नजवळ जपानी नव्हते, पण त्याने अडाण्यासारखे शिकायची लाज धरली नाही. सोसेकीने दाखल्याचा खेळच ओळखला. म्हणून परदेशी शिकवणाऱ्याच्या पुस्तकाला मी आता विचारतो ते हे : यात लेखक स्वतः कुठे विद्यार्थी होतो? त्याची बाजारातली, घरातली, दवाखान्यातली मोडकी भाषा इथे ऐकू येते का? येत नसेल तर पुस्तक कितीही रंजक असो, त्यात शिकवणाऱ्याची फक्त वर्दी दिसते.

हे सगळे जुन्या काळाचे म्हणून सोडून देता येत नाही. दक्षिण कोरियात परदेशी भाषाशिक्षकाच्या व्हिसासाठी इंग्रजीचे म्हणून सर्वसाधारणपणे सातच देश धरले जातात : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. इतरत्र कायद्यात नसेल तर पालकांच्या मागणीत ही यादी असते. त्या मागणीला नावे ठेवताना मला आपल्याकडचे आठवते. मराठी माध्यमातून आलेल्या इंग्रजीच्या प्राध्यापकाच्या उच्चारांवर आम्हीच कॉलेजात हसलो आहोत. आपल्या गल्लीतल्या इंग्रजी संभाषणाच्या क्लासच्या फलकावर हसरा गोरा चेहरा लावतो तोही आपल्यातलाच कोणी तरी. बँकॉकच्या पालकाला आणि नगरच्या पालकाला एकच माणूस हवा आहे.

राहिला त्या मध्यस्थाचा सल्ला. कबूल करतो, ते वाक्य मी अर्जात टाइप केले होते. दोन दिवस ते संगणकावर तसेच होते. खोडले ते नीतीच्या कळवळ्याने नाही. नोकरी मिळाली असती तर तिथल्या प्रत्येक सहकाऱ्याला इंग्लंडमधल्या माझ्या शाळेविषयी काय सांगायचे, हे ठरवता ठरवता मी दमून गेलो. आणि ज्या शाळेत मी खरोखर इंग्रजी शिकलो, जिथे पाचवीत पहिल्यांदा ती मुळाक्षरे गिरवली आणि ‘स्कूल’ला ‘इस्कूल’ म्हणून छडी खाल्ली, तिचे नाव मला आयुष्यात पुन्हा घेता आले नसते. परक्याला इंग्रजी शिकवण्यासाठी माझ्याजवळ जे काही होते, ते त्या छडीतच तर होते. इंग्रजी कुठे अडते ते मला ठाऊक आहे, कारण ते माझे अडलेले आहे. जन्मतः बोलणाऱ्याला हे ठाऊक नसते. त्याला ते शिकावे लागते.

आता मी नगरलाच शिकवतो. परदेशी नोकरीसाठी परीक्षा देणाऱ्या परिचारिका माझ्याकडे येतात. त्यांच्यापैकी काही जणी उद्या परक्या वॉर्डात, परक्या भाषेत दिवस काढतील. मराठी माणसे शिक्षक म्हणूनही बाहेर जात आहेतच. या सगळ्यांकडून मला एका पुस्तकाची अपेक्षा आहे. आपण तिथे काय शिकवले याचे नको. तिथली भाषा बोलताना आपण कसे चुकलो, कोण हसले, कोणी न हसता शब्द दुरुस्त करून दिला, त्या माणसाचे नाव काय, याचे हवे. त्या माणसाचे नाव प्रस्तावनेत असावे. नगरात जन्मलेल्या एका मुलीला असे पुस्तक लिहिणे शक्य होते. तिची जागा मराठीत अजून रिकामी आहे.